डीप फ्रीझरची खोळ

मास्तरकाकूंच्या घरात उघडी वस्तू सापडणं कठीण होतं. मिक्सरला खोळ, टीव्हीला खोळ, इस्त्रीला खोळ, गॅसच्या सिलिंडरला झालरीची खोळ. टीव्हीच्या रिमोटला त्यांनी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी शिवली होती आणि ती पिशवी मळू नये म्हणून ती ठेवायला एक कापडी. "नवरा असता तर त्यालाही शिवली असती हिने," माझी मावशी म्हणायची. काकू शिवणयंत्रावरून मान न उचलता सांगायच्या, "होता तेव्हा मापाला उभाच राहायचा नाही."

हाच त्यांचा धंदा होता. गाद्या-उशांच्या खोळी, सोफ्याची कव्हरं, दुकानातल्या वजनकाट्यांची झाकणं. कपडे शिवायला त्यांना आवडत नसे. माणसं जाड होतात, बारीक होतात आणि दोष शिंप्याला देतात, सोफा असं करत नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळी इमारत त्यांना मास्तरकाकू म्हणायची. फक्त मावशी नुसतं 'मास्तर' म्हणायची. मावशी हॉस्पिटलात नर्स होती, म्हणून काकूंसाठी ती 'सिस्टर'. दोघींचे दरवाजे जिन्याच्या एकाच मजल्यावर समोरासमोर होते. मी शीतयंत्रांचा डिप्लोमा करायला मावशीकडे राहायला आले तेव्हा या दोघींचं सूत जुळून इतकी वर्षं झाली होती की कोण कोणाकडे चहा पितंय याचा हिशेब कोणी ठेवत नव्हतं. मावशीच्या घराची दुसरी किल्ली काकूंकडे असायची. तिला अर्थातच खोळ होती.

आणि एक डबा होता. मावशी सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकाला लागली की तिचा अंदाज घरचा नसायचा, वॉर्डाचा असायचा. पातेलंभर भाजी, पातेलंभर सूप. घरातला फ्रीज लहान. मग समोरच्या दारात हाक जायची, "मास्तर, एवढं टिकणार नाही गं. घेऊन टाक."

"मी काय तुझी कचराकुंडी आहे?" काकू विचारायच्या. हातात धुतलेला डबा घेऊनच.

एकट्या बाईच्या घरात चूल रोज पेटवावीशी वाटत नाही. तो डबा दोन दिवस पुरायचा. पण काकूंचं पोट त्या भाजीने भरत होतं असं मला वाटत नाही. जे मावशीकडे टिकत नव्हतं ते हक्काने त्यांचं होतं, हे त्यांना पुरत होतं.

मग तळमजल्यावर केकवाली राहायला आली. तरुण, बोलकी, कोपरापर्यंत मैदा लागलेला. घरात केक करून ऑर्डरी पुरवायची. केकचे थर आधी भाजून गोठवून ठेवले की काम हलकं होतं, पण तिच्या दीड खोल्यांत डीप फ्रीझरला जागा नव्हती. मावशीची मागची खोली रिकामी होती. मावशीला हॉस्पिटलच्या पाळ्यांमुळे रोज स्वयंपाकाला वेळ नव्हता. दोघींनी मिळून एक घेतला. पेटीसारखा, झाकण वर उघडणारा, पांढरा, कमरेएवढा उंच.

हमालांनी तो वर आणला तेव्हा मी नाचायचीच बाकी होते. भिंतीपासून चारी बाजूंनी वीतभर जागा सोडायला लावली. एक्स्टेन्शन बोर्डावर नाही, भिंतीतल्या स्वतंत्र प्लगवरच लावायचा असा आग्रह धरला. इमारतीतली पोरं लपाछपी खेळतात, म्हणून झाकणाला कुलूप लावून किल्ली उंच खिळ्याला टांगली. आत थर्मामीटर ठेवलं. काटा उणे अठरावर स्थिरावला तेव्हा मावशी म्हणाली, "पेशंट असा असता तर आम्ही चादर वर ओढली असती."

काकू दारात उभ्या होत्या. "बर्फात ठेवून खायचं म्हणजे शिळं ते शिळंच," त्या म्हणाल्या. "दगड केला म्हणून काय ताजं होतंय?"

पण मावशीला ते जमलं. सुट्टीच्या दिवशी शिजवायचं, पसरट ताटात ओतून पूर्ण गार करायचं, पिशव्यांत भरून हवा काढायची आणि पुस्तकासारख्या चपट्या पिशव्या एकावर एक ठेवायच्या, जुन्या वर आणि नव्या खाली. गरम काही आत जाऊ द्यायचं नाही. पातेलंभर भाजी आता पातेलंभरच राहायची, फक्त पिशव्यांत. उरेनासंच झालं काही. सगळं टिकत होतं.

काकूंचा डबा त्यांच्या फळीवर, खोळीत.

त्यांनी कधी डब्याचा विषय काढला नाही. विषय काढला तो किल्लीचा. केकवाली दिवसातून कितीतरी वेळा वर यायची, कधी लोणी काढायला, कधी थर ठेवायला. मावशी कामावर असली तर अडायचं. म्हणून मावशीने तिला एक किल्ली करून दिली.

"तिसरी किल्ली केलीस?" काकूंनी चहा ढवळत विचारलं. साखर केव्हाच विरघळली होती.

"अगं, तिला मध्येच काहीतरी काढावं लागतं."

"मला कधी काही काढावं लागलं नाही. तरी माझ्याकडे आहे."

"म्हणून तर तुझी पहिली," मावशी म्हणाली.

"दुसरी," काकू म्हणाल्या. "पहिली तुझी."

त्या दिवसापासून जिन्यात चप्पल वाजली की समोरचं शिवणयंत्र थांबायचं. कोण आलं, किती वेळ थांबलं, बाहेर पडताना हसत होतं का, हे सगळं काकूंना त्या बंद दाराआडून कळायचं. केकवालीबद्दल त्या वाईट काही बोलत नसत. "तरुण आहे," एवढंच म्हणायच्या, जसं कोणी 'खोकला आहे' म्हणावं तसं. आणि तिच्याशी बोलताना 'तुम्ही'. आम्हा सगळ्यांना अरेतुरे करणाऱ्या काकूंच्या तोंडी ते 'तुम्ही' म्हणजे दार लोटून घेतल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी त्या गळ्यात टेप घालून आल्या आणि फ्रीझरचं माप घ्यायला लागल्या.

"कंबरेत फार रुंद आहे," त्या म्हणाल्या. "चुण्या घालाव्या लागतील."

पुढचे काही दिवस त्यांचं यंत्र उशिरापर्यंत चालू होतं. जी खोळ तयार झाली तशी मी पुन्हा पाहिली नाही. गडद निळं कापड, आत स्पंजचा थर, रजईसारखी शिवण, कडेला पांढरी गोट. झाकण उघडता यावं म्हणून वरचा भाग वेगळा, नाड्यांनी बांधायचा. एका बाजूला चिकटपट्टी आणि पेन ठेवायला खिसे. थेट जमिनीपर्यंत. एक इंच पांढरा रंग दिसत नव्हता. आत त्यांचं काही नव्हतं, म्हणून बाहेरून त्यांनी अख्खा फ्रीझर आपला करून घेतला होता.

"ताई, काय सुंदर झालीय," केकवाली म्हणाली. "माझ्या मिक्सरला शिवून द्याल का एक?"

"वेळ मिळाला तर बघते," काकू म्हणाल्या. तो वेळ त्यांना अजून मिळालेला नाही.

संध्याकाळी मी खोळीखाली हात घातला आणि दचकले. फ्रीझरची बाजू चांगलीच तापली होती. मोटर थांबायचं नाव घेत नव्हती. थर्मामीटर नेहमीपेक्षा वर चढलं होतं. मावशीने येऊन पंजाची मागची बाजू पत्र्याला लावली, कपाळाला लावतात तशी. "ताप आहे," ती म्हणाली.

"असणारच. हा गारवा तयार करत नाही मावशी, आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. ती टाकायच्या नळ्या या पत्र्याच्या मागेच असतात. म्हणून तर भिंतीपासून जागा सोडली. आणि खाली मोटरची जाळी आहे, ती पण झाकली गेलीय. आपण त्याला रजईत गुंडाळलंय."

"काढ मग."

मी नाड्या सोडल्या. "काकूंना सांगू का मी? व्यवस्थित समजावून?"

"अजिबात नाही." मावशीने खोळ हातात घेऊन घडी घातली, हॉस्पिटलच्या चादरीची घालतात तशी, कोपऱ्याला कोपरा. "तू मशीनचं शिकतेस. हिला आत्ता सांगितलं ना, तर तिला नळ्या-बिळ्या काही ऐकू येणार नाही. केकवालीचं लोणी चालतं आणि माझी खोळ चालत नाही, एवढंच ऐकू येईल."

तेव्हापासून एक नाटक सुरू झालं. काकू दुपारच्या चहाला यायच्या, त्याआधी खोळ चढायची. त्या गेल्या की उतरायची. मावशी कामावर असली की हे काम माझ्याकडे, मी कॉलेजात असले की केकवालीकडे. फ्रीझरचा ताप उतरला. चहाला बसल्यावर काकू अधूनमधून मागच्या खोलीत नजर टाकायच्या आणि समाधानाने बशीत चहा ओतायच्या.

गाठीने घोळ केला. काकूंची नाडीची गाठ ठरलेली होती, एक टोक ओढलं की सुटणारी आणि धक्क्याने कधीच न सुटणारी. मावशी बँडेजला मारतात तशी चपटी गाठ मारायची. ती काकूंनी पाहिली असेल आणि सोडून दिली असेल. पण एका दुपारी केकवालीने घाईत खोळ चढवली आणि सवयीने नाडीचं फूल बांधलं. टपोरं, दोन पाकळ्यांचं, केकच्या खोक्यावर बांधतात तसं.

काकूंनी ते फूल पाहिलं. चहा अर्धा ठेवून "दूध तापत ठेवलंय" म्हणून उठल्या. त्यांच्याकडे दुपारी दूध नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपली किल्ली वापरली. मावशी कामावर गेली होती. मी मागच्या खोलीत पुस्तक घेऊन बसले होते, केकवाली फ्रीझरमध्ये वाकली होती. खोळ खुर्चीवर घडी घालून ठेवलेली, आणि तिच्यावर केकचे रिकामे साचे.

"हे रोज असंच असतं?" काकूंनी विचारलं.

केकवालीच्या पोटात काही कपट नव्हतं, म्हणून तिने खरं ते सांगून टाकलं. "हो ताई. तुम्ही यायच्या आधी घालतो ना परत आम्ही. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"आम्ही," काकू म्हणाल्या.

"काकू, त्या पत्र्याच्या मागे नळ्या असतात," मी सुरुवात केली.

"तू गप."

त्यांनी साचे उचलून बाजूला ठेवले, एकात एक नीट. खोळ काखेत मारली. किल्ली तिच्या इवल्याशा खोळीतून काढली, केकवालीने मिटलेल्या झाकणावर ठेवली, खोळ तेवढी परत नेली.

संध्याकाळी मावशी समोरच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मास्तर, त्याला ताप येत होता."

"मग सांगायचं. कात्री लावून बाजू मोकळ्या केल्या असत्या मी. कापडाचंच काम आहे, मेंदूचं ऑपरेशन नाही."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाईट वाटून घ्यायचं की नाही ते माझं मी बघितलं असतं." काकूंचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "माझ्यापासून लपवलंस त्याचं काही नाही, सिस्टर. त्या बाईला माहीत होतं आणि मला नव्हतं."

मावशी दारातूनच मागे वळली. ती परत आली आणि तिने काकूंची किल्ली फ्रीझरच्या किल्लीशेजारी खिळ्याला टांगली. दुपारचा चहा बंद झाला. मावशी तरी दोन कप काढायची, मग एक परत ठेवायची.

असे बरेच दिवस गेल्यावर फ्रीझर वितळवायचा दिवस आला. झाकणाच्या कडेने बोटापेक्षा जाड बर्फ धरला होता. मावशीची सुट्टी गाठून आम्ही सकाळी प्लग काढला. पिशव्या वर्तमानपत्रात गुंडाळून टबात ठेवल्या, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवून झाकण उघडं टाकलं. केकवाली केक कापायची सुरी घेऊन बर्फावर चाल करून गेली तेव्हा मी तिचा हातच धरला. आतल्या पत्र्यालाही चिकटून नळ्या असतात, एक भोक पडलं की गॅस जातो आणि पेटीची अडगळ होते. तिच्या हातात मी प्लास्टिकची पट्टी दिली. मग त्या दोघी फरशीवर गुडघे टेकून पाणी टिपायला बसल्या. मावशीच्या अंगावर बर्फाची लादी घसरली, केकवाली हसता हसता टबात बसायची राहिली.

समोर काकूंचं यंत्र चालू होतं. इकडे हसू आलं की ते थांबायचं. मग पुन्हा सुरू व्हायचं, आधीपेक्षा जोरात.

आतून कोरडा केला, झाकणाचं रबर साबणाच्या पाण्याने पुसलं, कागदाची पट्टी अडकवून ते सगळीकडे घट्ट बसतंय ना पाहिलं. दुपारी प्लग लावला. पत्रा जरा गार झाल्यावर पिशव्या आत गेल्या. आणि केकवालीचे ताजे थर. दुसऱ्या दिवशी तिची आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर होती. ती नीट गेली तर पुढचं वर्षभराचं काम तिथूनच मिळणार होतं.

थोड्याच वेळात गल्लीच्या कोपऱ्यावर धाडकन आवाज झाला. ट्रान्सफॉर्मर गेला. वायरमन खांबाखाली उभा राहून म्हणाला, संध्याकाळपर्यंत येईल, नाहीतर उद्या.

"झाकण कोणीही उघडायचं नाही," मी म्हणाले. एरवी भरलेला फ्रीझर बंद ठेवला तर दिवसभर काळजी नसते. पण हा आत्ताच वितळवलेला, अर्धा रिकामा, त्यात हे अजून नीट न गोठलेले थर. "आता मोटर बंद आहे. उष्णता बाहेर टाकायचीच नाहीये, उलट आत शिरू द्यायची नाहीये. आता मात्र झाकायला हवा. जेवढं जाड मिळेल तेवढं."

मावशीने समोरच्या दाराकडे पाहिलं.

"मागू का मी?" मी विचारलं.

"नको. अडलं तेव्हा आठवण झाली, असं व्हायला नको."

केकवाली खाली पळाली आणि वाघाचं मोठं चित्र असलेली एक लोकरी घोंगडी घेऊन आली. ती आम्ही फ्रीझरवर टाकली. मावशीने तिला कपाटातल्या क्रेप बँडेजने बांधायचा प्रयत्न केला. एक कोपरा खाली लोंबत राहिला.

वीज गेल्यामुळे सगळ्यांचीच दारं उघडली होती. काकू जिन्यात आल्या. मी पायरीवर बसले होते.

"वितळणार का सगळं?" त्यांनी हळूच विचारलं.

"लाईट लवकर नाही आली तर बहुतेक."

"आणि वितळलेलं परत ठेवता येत नाही."

"नाही. पूर्ण मऊ पडलं की लगेच शिजवून संपवायचं, नाहीतर टाकायचं."

"म्हणजे उरणार," काकू म्हणाल्या.

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. पातेलंभर भाजी, पातेलंभर सूप, काहीच टिकणार नाही. फक्त त्यांनी दार लावून घ्यायचं होतं. शिवाय केकवालीची ऑर्डर बुडणार होती आणि त्यात कोणी काकूंकडे बोट दाखवू शकलं नसतं. त्या वळल्यासुद्धा. वळता वळता मावशीच्या उघड्या दारातून त्यांना मागची खोली दिसली.

त्या थांबल्या. मग सरळ आत गेल्या.

"हे कोणी घातलंय?"

"मी, ताई," केकवाली म्हणाली. रडून तिचं नाक लाल झालं होतं.

"वाघ उलटा आहे."

काकूंनी लोंबता कोपरा चिमटीत धरून पाहिला, बँडेज पाहिलं, झाकणापाशी राहिलेली फट पाहिली. आपल्या मैत्रिणीच्या फ्रीझरवर दुसरीचं असं गबाळं काम त्यांना बघवेना. "सोडा ते," त्या म्हणाल्या आणि घरी गेल्या. परत आल्या तेव्हा निळी खोळ हातात होती. बाजू कापलेल्या नव्हत्या.

"तो वाघ आतून राहू दे, जाडी मिळेल," त्या म्हणाल्या. "वर दिसता कामा नये." त्यांनी खोळ चढवली, चुण्या सारख्या केल्या आणि आपल्या हाताने एकेक गाठ मारली. "आता कोणी हात लावायचा नाही. लाईट आली की काढायची ती मी. कळलं का, तुम्हाला सांगतेय."

तुम्हाला म्हणजे कोणाला ते केकवालीला कळलं. तिने मान हलवली.

काकू स्टूल ओढून फ्रीझरला टेकून बसल्या आणि एका उशीच्या खोळीला काजं करायला घेतली. मावशीने चहा टाकला. दोन कप काढले, दोन्ही भरले. काकूंनी सुई थांबवून एक घोट घेतला.

"साखर कमी आहे," काकू म्हणाल्या.

"तूच म्हणाली होतीस, गोड फार खातात इथे हल्ली सगळे."

काकू हसल्या नाहीत, पण त्यांनी दोरा दाताने तोडला आणि कप पुढे केला.

संध्याकाळी पंखा फिरला. मी तोंड उघडायच्या आत काकूंनी नाड्या ओढल्या, खोळ उतरवली, वाघ काढला आणि पंजाची मागची बाजू पत्र्याला लावून मोटर ऐकत उभ्या राहिल्या. "हं, आता तापू दे त्याला," असं मलाच शिकवल्यासारखं म्हणाल्या.

काटा खाली गेल्यावर मावशीने झाकण उचललं. केकचे थर घट्ट होते. पिशव्या दाबल्यावर आत बर्फाचे खडे लागत होते. केकवालीने काकूंना मिठी मारली. ती मिठी काकूंनी कोणीतरी माप घेत असल्यासारखी हात बाजूला धरून सहन केली.

सगळ्यात वरची एक पिशवी मात्र मऊ पडली होती. मावशीने ती बाहेर काढली.

"ही परत ठेवता यायची नाही. मास्तर, डबा आण."

"मी काय तुझी कचराकुंडी आहे?" काकू म्हणाल्या आणि डबा आणायला गेल्या. दुसऱ्या दिवशी खिळ्यावर काकूंची किल्ली नव्हती.

फ्रीझरची खोळ आता काकूंकडेच असते. वीज गेली की त्या सगळ्यांच्या आधी पोचतात, बांधतात, वीज आली की उतरवतात. केकवालीला ती गाठ शिकायची आहे. काकू म्हणतात, तुम्हाला नाही जमायची.

आणि मावशीच्या सुट्टीच्या दिवशी हल्ली नेमाने एखादी पिशवी मऊ पडते. गेल्या वेळी तिने ती माझ्यासमोर काढून ओट्यावर ठेवली आणि समोर हाक मारायला गेली. मी बोटाने दाबून पाहिलं. दगड होता.

काकू डबा घेऊन आल्या. त्यांनीही पिशवी उचलली, अंगठ्याने दाबली, खाली ठेवली.

"केकवालीचं काही मऊ पडलं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली.

"मग ठीक आहे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी डब्याची खोळ काढली.